पावसाळ्यानंतर बूट फ्लॉपी चालत नाही: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

मे महिन्यात बनवलेली आणि तेव्हा नीट चाललेली बूट फ्लॉपी (जिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करतात ती) गणपती झाल्यावर लावली की मशीन उठत नाही. ड्राइव्हचा दिवा लागतो, आतून घरघर ऐकू येते आणि पडद्यावर ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’ उमटतं. दुसरी फ्लॉपी लावा, तिसरी लावा, तेच. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर जुनी मशीन सांभाळणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. बहुतेक जण अशा वेळी इमेज फाईल (पूर्ण फ्लॉपीची हुबेहूब नक्कल असलेली फाईल) पुन्हा उतरवून घेतात, पुन्हा लिहितात आणि पुन्हा तिथेच येऊन थांबतात. इमेज फाईल कॉम्प्युटरवर असते, तिला पावसाने काही होत नाही. बिघडते ती फ्लॉपी, आणि त्या फ्लॉपीमुळे ड्राइव्ह.

आजही फ्लॉपी कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. लग्नपत्रिका छापणाऱ्या एखाद्या प्रेसमध्ये विंडोज ९८ आणि पॅरलल पोर्टला कुलूप (डाँगल) जोडल्याशिवाय न चालणारं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर असतं. सोसायटीचे जुने हिशेब फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये असतात. डॉसवर (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालणारी प्रणाली) मराठी दिसावी म्हणून सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं एखादं मशीन असतं, आणि ते कार्ड आजच्या मदरबोर्डावर बसत नाही. अशा मशीनची हार्ड डिस्क गेली की सगळं मुळापासून टाकावं लागतं. सीडीवरून बूट होण्याचं एल टोरिटो हे ठरीव तंत्र १९९५ सालचं. त्याआधीच्या बोर्डांना सीडीवरून बूट होणं ठाऊकच नाही, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांचाही भरवसा नाही. तिथे फ्लॉपीच लागते.

तपासायचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी फ्लॉपी, मग ड्राइव्ह, सगळ्यात शेवटी इमेज. बुरशी धरलेली एक फ्लॉपी चांगला ड्राइव्ह खराब करते, आणि तो ड्राइव्ह पुढच्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पाडतो. म्हणून ‘लावून तर बघू’ हा पहिला उपाय नाहीच.

फ्लॉपी आत घालण्याआधी

साडेतीन इंची फ्लॉपी उजेडात धरा. पत्र्याची सरकती झडप अंगठ्याने बाजूला सारून तशीच धरून ठेवा आणि पाठीमागची धातूची चकती दुसऱ्या हाताने हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. आतली तबकडी काळपट तपकिरी असते आणि सगळीकडे एकसारखी चमकते. फिरवताना रांगोळीची चिमूट उडावी तसे बारीक पांढरे ठिपके दिसले, किंवा प्रकाश तिरपा पडल्यावर धुरकट पट्टा दिसला, तर ती बुरशी. गोल रेघ दिसली आणि तिथून प्रकाश आरपार येत असेल, तर तिथला चुंबकीय थर खरवडून गेला आहे. त्या फ्लॉपीचं काम संपलं. चकती फिरवताना ती जड वाटली, अडखळत फिरली, तरी तिला संशयितांतच धरा.

तबकडीच्या दोन्ही बाजूंना आत कापडाचं पातळ अस्तर असतं. धूळ टिपण्यासाठी ते ठेवलेलं असतं, पण आपल्याकडे तेच ओल धरून बसतं. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मिरगापासून नवरात्रापर्यंत चिऱ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटातली फ्लॉपी सर्दावणारच. बुरशी आधी त्या अस्तरावर धरते आणि तिथून तबकडीवर येते.

बुरशी लागलेल्या फ्लॉपीवर फक्त बूट डिस्कच असेल तर विचार न करता फेकून द्या, कारण तिची इमेज मिळते. तिच्यावर दुसरीकडे कुठेच नसलेलं काही असेल तर गोष्ट वेगळी. अशी फ्लॉपी कडेने सावकाश उकलून तबकडी बाहेर काढावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसाव्यात, पूर्ण वाळू द्यावी आणि चांगल्या फ्लॉपीच्या रिकाम्या कवचात घालावी. जुन्या कवचात परत घालू नका, अस्तरात बुरशी तशीच असते. मग ती अशा ड्राइव्हमध्ये वाचा, जो गेला तरी चालेल. एकदाच वाचून पूर्ण इमेज काढून घ्या आणि फ्लॉपी बाजूला करा.

‘नवी कोरी’ फ्लॉपी आणली म्हणून प्रश्न सुटत नाही. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. आज सीलबंद मिळणारी फ्लॉपीसुद्धा बहुधा बरीच वर्षं कुठल्यातरी गोदामात पडलेली असते. तीही उजेडात धरून बघा आणि पूर्ण फॉरमॅट करा. क्विक फॉरमॅट नको. तो फक्त यादी पुसतो, पृष्ठभाग तपासत नाही. डॉसमध्ये फॉरमॅट आज्ञेला ‘स्लॅश यू’ जोडलं की प्रत्येक ट्रॅक (तबकडीवरचं गोल वर्तुळ) नव्याने लिहिला जातो.

इथे एक बारकावा आहे आणि तो फार जणांना चकवतो. फॉरमॅट झाल्यावर शेवटी ‘बॅड सेक्टर्स’ची (सेक्टर म्हणजे ट्रॅकचा छोटा तुकडा) ओळ आली, तरी साध्या फाईली ठेवायला ती फ्लॉपी चालते, कारण खराब जागेची नोंद फाईल तक्त्यात होते आणि डॉस ती जागा टाळतं. इमेज लिहिणारा प्रोग्राम तो तक्ता बघतच नाही. तो पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सरळ लिहीत जातो. त्यामुळे एक जरी सेक्टर खराब असेल, तरी ती फ्लॉपी इमेजसाठी बाद. ‘फॉरमॅट तर झाली होती’ असं म्हणत इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकतं ते बहुतेक वेळा याच कारणाने.

‘ट्रॅक झीरो बॅड’ आलं तर ती फ्लॉपी फेका. पण एकामागून एक सगळ्याच फ्लॉपींना हा संदेश येत असेल तर फ्लॉपींना दोष देऊ नका, ड्राइव्हकडे वळा. आणखी एक शक्यता तपासा: फ्लॉपी ७२० केबीची आहे का? १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन भोकं असतात, एक लेखनबंदीचं आणि त्याच्या समोरच्या बाजूला दुसरं. ७२० केबीवाल्या फ्लॉपीला हे दुसरं भोक नसतं. पूर्वी पैसे वाचवण्यासाठी तिथे ड्रिलने भोक पाडून त्या १.४४ म्हणून वापरल्या जात. अशा फ्लॉपी तेव्हा चालल्या असतील, आज त्यांच्यावर बूट डिस्क बनवू नका. त्यांचा चुंबकीय थरच वेगळा आहे.

ड्राइव्ह

काल चालणारी फ्लॉपी आज त्याच ड्राइव्हमध्ये वाचता येत नसेल, किंवा वाचताना चिरका आवाज येत असेल, तर हेडवर (तबकडीला टेकून वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकावर) मळ बसला आहे. त्याच क्षणी फ्लॉपी बाहेर काढा. सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ते असतं, बोर्ड धुवायला ते हेच वापरतात. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट नको. त्यात पाणी आणि इतर द्रव्यं असतात, त्यांचा थर हेडवर राहतो. कापसाचा बोळाही नको, तंतू अडकतात. फोमची काडी घ्या. हेड दोन असतात, खाली एक आणि वर एक. वरचं हेड स्प्रिंगच्या पातळ दांड्यावर असतं. ते जेमतेम उचलून पुसा. जोर लावून वर ओढलंत तर दांडा वाकतो आणि मग तो ड्राइव्ह कायमचा गेला. हात स्थिर नसेल तर सफाईची फ्लॉपी वापरलेली बरी.

खाऱ्या वाऱ्याचा दुसरा मारा जोडण्यांवर होतो. ३४ पिनांची पट्टीची केबल आणि चार पिनांची विजेची जोडणी दोन्ही काढून बघा. पिना हिरवट किंवा पांढुरक्या दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दोन-तीनदा घालून-काढून घ्या. नुसतं असं केल्यानेही पुष्कळ ड्राइव्ह पुन्हा चालू होतात. परत लावताना दोन गोष्टी सांभाळा. केबल उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा मशीन चालू केल्यापासून सतत पेटलेला राहतो. हीच तिची खूण. विजेची छोटी जोडणी मात्र उलटी किंवा एक पिन सरकवून लावली गेली, तर ड्राइव्ह जळू शकतो. ती टॉर्चच्या उजेडात बघूनच लावा. केबलीतला पीळ असलेला भाग ए ड्राइव्हकडे यायला हवा.

मग अलाइनमेंट. माझ्या मते बूट फ्लॉपीच्या तक्रारींत सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण हेच आहे. दोन्ही ड्राइव्ह स्वतंत्रपणे ठीक असतात, पण एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही, कारण जुनं झाल्यावर हेडची जागा केसभर सरकलेली असते. ओळखायचं कसं? एका ड्राइव्हमध्ये फ्लॉपी पूर्ण फॉरमॅट करा, एखादी फाईल टाका आणि त्याच ड्राइव्हमध्ये वाचा. मग दुसऱ्यात वाचा. पहिल्यात वाचली आणि दुसऱ्यात नाही, उलट दिशेनेही तसंच, तर दोघांपैकी एक सरकलेला आहे. कोणता, ते तिसरा ड्राइव्ह सांगतो.

हेड नेमकं जुळवायला ऑसिलोस्कोप आणि खास तयार केलेली डिस्क लागते. तालुक्याच्या गावी ते जमायचं नाही. त्याची गरजही नाही. फ्लॉपी ज्या ड्राइव्हमध्ये लिहिली तोच ड्राइव्ह तिच्याबरोबर घेऊन जा. दापोलीला घरी फ्लॉपी लिहून गुहागरच्या मशीनवर चालवायची असेल, तर ड्राइव्ह आणि केबल पिशवीत टाका, तिथल्या मशीनला तात्पुरता जोडा, इन्स्टॉलेशन उरका आणि परत आणा. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह इथे उपयोगी पडत नाही, कारण नव्वदच्या दशकातल्या बायोसला (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामला) त्यावरून बूट होता येत नाही.

पहिली डिस्क चालते, दुसरीवर अडतं

डॉस किंवा जुनं विंडोज अनेक फ्लॉपींवरून टाकताना पहिली डिस्क सुरळीत जाते, दुसरी मागितल्यावर घालावी तर ‘योग्य डिस्क घाला’ असंच पुन्हा पुन्हा येत राहतं. फ्लॉपी बदलूनही यादी मात्र पहिल्याच फ्लॉपीची दिसते. फ्लॉपी बाहेर आली हे ड्राइव्हने ३४व्या पिनवरून कॉम्प्युटरला कळवायचं असतं. तो इशारा पोहोचला नाही की डॉस आपल्याजवळची जुनीच यादी दाखवत राहतं. गंजलेली पिन, तुटकी केबल किंवा ड्राइव्हवरचा चुकीचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी), यांपैकी एक असतं. इथे आधी केबल बदला, नव्वद टक्के ताण तिथेच हलका होतो. आणि या अवस्थेत फ्लॉपीवर काहीही लिहू नका: पहिल्या डिस्कचा तक्ता दुसरीवर लिहिला जातो आणि दुसरीही जाते.

इमेज आणि लिहिण्याची पद्धत

१.४४ एमबीच्या इमेजचा आकार बरोबर १४,७४,५६० बाइट असतो: ८० ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, सेक्टर ५१२ बाइटचा. फाईल एवढी नसेल तर उतरवताना तुटली आहे किंवा ती दुसऱ्याच प्रकारची इमेज आहे. ही फाईल कॉपी-पेस्ट करून फ्लॉपीवर टाकायची नसते. फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर मोकळी जागा १४,५७,६६४ बाइटच असते, त्यामुळे पूर्ण इमेज मावतच नाही. लहान इमेज मात्र मावते आणि घात करते: फ्लॉपी उघडली की आत एक फाईल दिसते, बूट मात्र होत नाही. डॉसमधून लिहायला रॉराईट, विंडोजमधून रॉराईटविन किंवा विनइमेज, लिनक्समधून डीडी. लिनक्सला यूएसबी ड्राइव्ह जोडलेला असेल तर तो ‘एफडी’ नावाने येत नाही, ‘एसडी’ नावाने येतो. डीडी चालवण्याआधी आकार बघून खात्री करा, नाहीतर फ्लॉपीची इमेज हार्ड डिस्कवर लिहिली जाईल.

लिहून झालं की लेखनबंदीचं भोक उघडा. साडेतीन इंचीत भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद; सव्वापाच इंचीत उलट, तिथे खाच चिकटपट्टीने झाकली की बंद. याला एक खास कारण आहे. विंडोज ९५ ला लेखनबंदी नसलेली फ्लॉपी मिळाली की ते बूट सेक्टरमधल्या (फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमधल्या) आठ बाइटांच्या नावाच्या जागी स्वतःची खूण लिहितं. मग फ्लॉपीवरून परत वाचलेली इमेज मूळ फाईलशी जुळत नाही आणि आपण चांगली फ्लॉपी बाद समजतो. भोक उघडल्यावर फ्लॉपी बाहेर काढा, पुन्हा घाला, तिची नवी इमेज काढा आणि मूळ फाईलशी ताडून बघा. बाहेर काढणं यासाठी, की नाहीतर कॉम्प्युटर आपल्या मेमरीतलंच वाचून ‘जुळलं’ असं सांगेल. जुळलेली फ्लॉपी तरीही बूट होत नसेल, तर आता फ्लॉपीचा नाद सोडून मशीनकडे बघा.

विंडोज ९५ च्या मूळ फ्लॉपी संचाचं वेगळं आहे. त्यातली पहिली डिस्क साधी, बाकीच्या डीएमएफ पद्धतीच्या, ट्रॅकवर २१ सेक्टर, १७,२०,३२० बाइटच्या. रॉराईटला किंवा यूएसबी ड्राइव्हला त्या लिहिता येत नाहीत. केबलवाला खरा ड्राइव्ह आणि विनइमेज घ्या. आणि फ्लॉपी अगदी निर्दोष हवी, इथे तडजोड चालत नाही.

डॉसची बूट फ्लॉपी इमेजशिवाय बनवत असाल तर आयओ, एमएसडॉस आणि कमांड या तीन फाईली नुसत्या कॉपी करून भागत नाही. ‘सिस’ आज्ञेने किंवा फॉरमॅट करताना ‘स्लॅश एस’ जोडूनच त्या जागच्या जागी बसतात आणि बूट सेक्टर लिहिला जातो. विंडोज ९८ च्या स्टार्टअप डिस्कवरून बूट केल्यावर ‘सीडी सापडत नाही’ म्हणणारे फार. ती डिस्क मेमरीत एक तात्पुरता ड्राइव्ह तयार करते, त्यामुळे सीडीचं अक्षर एकाने पुढे सरकतं: डी ऐवजी ई. तिच्यातला साध्या सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर आयडीई या जुन्या, रुंद पट्टीच्या केबलच्या जोडणीसाठी आहे. साटा (नव्या, अरुंद केबलचा) सीडी ड्राइव्ह असेल तर बायोसमध्ये आयडीई मोड निवडून बघा. विंडोज एनटी ४ च्या तीन फ्लॉपी बनताना शेवटची आधी मागितली जाते, तेव्हा पडद्यावर वाचूनच लेबल लावा. विंडोज २००० ला चार, एक्सपीला सहा. एक्सपीच्या सहा फ्लॉपी आणि सीडी एकाच सर्व्हिस पॅकच्या असाव्या लागतात.

मशीनकडे बघा म्हटलं ते असं. बोर्डावरचा गोल सेल संपला असेल तर बायोस सगळं विसरतो: फ्लॉपी ‘नन’ होते, बूटचा क्रम बदलतो. ‘फ्लॉपी डिस्क फेल ४०’ असा संदेश दिसला तर आधी बायोसमध्ये ए ड्राइव्ह १.४४ एमबी केला आहे का ते बघा, मग केबल. सेल बदला, रोज नव्याने भरत बसू नका. बायोसमध्ये ‘व्हायरस वॉर्निंग’ चालू असेल तर इन्स्टॉलेशनपुरतं बंद करा, ते हार्ड डिस्कच्या बूट सेक्टरवर लिहू देत नाही. अडगळीतल्या जुन्या फ्लॉपींवर स्टोन्ड किंवा मायकलअँजेलोसारखे बूट सेक्टरचे व्हायरस आजही जिवंत असू शकतात, तेव्हा अनोळखी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून मशीन चालू करू नका.

पुढच्या पावसाळ्यासाठी

बूट फ्लॉपी बनवून साठवू नका. इमेज साठवा, पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी, प्रत्येकीबरोबर तिचा आकार आणि एमडी५ (फाईल बदलली नाही हे ताडण्याचा आकडा) लिहून. फ्लॉपी लागेल त्या दिवशी लिहा आणि काम झालं की ती पुन्हा कोरी समजा. कोऱ्या फ्लॉपी मात्र मिरगाच्या आधी, वातावरण कोरडं असताना, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून बंद करा. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल प्यायली. ते गरम करून पुन्हा निळे करता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही, त्यात कोबाल्ट असतं. डबा स्पीकरवर, स्टॅबिलायझरवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. पावसाळी दिवसांत डब्यातून काढलेली फ्लॉपी लगेच वापरा आणि काम होताच परत डब्यात ठेवा. एसीच्या खोलीतून आणलेली असेल तर तिच्यावर दव धरतं, ती अर्धा तास बाहेर राहू द्या.

ज्यांना हे सगळं दर वर्षी नको, त्यांनी गोटेक बसवावा. तो फ्लॉपी ड्राइव्हच्याच जागी, त्याच केबलवर बसतो आणि पेन ड्राइव्हवरची इमेज फ्लॉपी म्हणून दाखवतो. बायोसला फरक कळत नाही. फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (गोटेकच्या आत चालणारा प्रोग्राम) त्यात टाकलं की साध्या पेन ड्राइव्हवर इमेज फाईली नुसत्या कॉपी करून ठेवता येतात आणि बटणाने पुढची डिस्क निवडता येते. जंपर मात्र आधी काढलेल्या ड्राइव्हप्रमाणे बसवा, पीळ असलेल्या केबलवर बहुधा ‘एस-१’ लागतो. काढलेला खरा ड्राइव्ह हेड पुसून, आत एक फेकायच्या लायकीची पण स्वच्छ फ्लॉपी घालून, त्याच सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. कपाटातल्या ज्या फ्लॉपींची इमेज अजून काढलेली नाही, त्या वाचायला तोच लागणार आहे.